घाटाचा उतार आणि मऊ पडणारा ब्रेक

कोकण आणि देश यांना जोडणारे बहुतेक रस्ते सह्याद्रीचे घाट उतरूनच जातात. बोरघाट, कसारा, माळशेज, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबोली ही नावे राज्यातील प्रवाशांच्या नित्य परिचयाची आहेत. शासकीय जीप, शाळेच्या सहलीची गाडी, बैठकीसाठी निघालेल्या पंचायत सदस्यांची मोटार, भाजीपाल्याचा टेम्पो या सर्वांना हे उतार पार करावे लागतात. चढणीवर गाडी थकली तर ती थांबते. उतारावर ब्रेक थकला तर मात्र गाडी थांबत नाही. दोहोंतील हा फरक ध्यानी घेतला, म्हणजे घाटातील ब्रेकचा विचार केवळ चालकाने अथवा गॅरेजमधील मेस्त्रीने करावयाचा विषय नव्हे, हे सहज पटेल.

घाट उतरत असताना पॅडल नेहमीपेक्षा मऊ लागणे, ते अधिक खाली जाणे, आणि एका दाबात भागेनासे होऊन दोन-तीन वेळा दाबावे लागणे, हा अनुभव अनेक चालकांना येतो. पुष्कळदा पुढचे वळण निभावते आणि गोष्ट विसरली जाते. वस्तुतः मऊ पडलेले पॅडल ही एक सूचना असते, आणि ती बहुधा वेळ हाती असतानाच मिळते. तिचा अर्थ काय व ती मिळताच काय करावे, याची माहिती येथे दिली आहे.

उताराचा हिशेब

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथून आंबेनळी घाटाने सुमारे ४० किलोमीटर उतरले की पोलादपूर येते, आणि ते जवळजवळ कोकणपट्टीच्या पातळीवर आहे. प्रवासी व सामान धरून दोन टन वजनाची जीप ही उंची उतरते, तेव्हा तिच्या ठायी साठलेली ऊर्जा कोठे तरी खर्च व्हावीच लागते. तिचे उष्णतेत रूपांतर केले, तर सुमारे ७५ लिटर थंड पाणी उकळीला येईल, एवढी ती असते.

ही ऊर्जा रिचवणारे वाटेकरी तीन. पहिला वारा व चाकांचे घर्षण, दुसरा गिअरमध्ये ठेवलेले इंजिन आणि तिसरा ब्रेक. घाटात वेग कमी असल्यामुळे पहिल्या वाटेकऱ्याकडून फारशी अपेक्षा करता येत नाही. उरलेला भार इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यावयाचा असतो. चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली किंवा वरच्या गिअरमध्ये ठेवून पॅडलवर पाय टेकवला, की जवळजवळ सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. मग ब्रेकच्या डिस्क अथवा ड्रम यांचे तापमान काही शे अंशांपर्यंत चढते. समतल रस्त्यावर दोन थांब्यांमध्ये त्यांना गार होण्यास अवसर मिळतो, तसा तो सलग उतारावर मिळत नाही.

पिचकारीचे तत्त्व

जीप, मोटार व हलक्या टेम्पोतील ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतात. पायाखालचे पॅडल मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते. तेथील दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो आणि ब्रेक पॅड डिस्कवर किंवा लायनर ड्रमवर आवळले जातात. नळ्यांत भरलेल्या द्रवाला आपण व्यवहारात ब्रेक ऑइल म्हणतो.

रंगपंचमीची पिचकारी पाण्याने काठोकाठ भरून तोंडाशी बोट घट्ट दाबले, तर दांडा पुढे सरकत नाही. हातचा सगळा जोर बोटाला जाणवतो. तीच पिचकारी अर्धी हवेने भरलेली असेल, तर दांडा बराच आत जातो आणि बोटावर जोर येत नाही. द्रव दाबला जात नाही, पण हवा आणि वाफ दाबल्या जातात. ब्रेकच्या नळीत वाफेचा अथवा हवेचा बुडबुडा शिरला, की पायाची सगळी मेहनत तो बुडबुडा दाबण्यात वाया जाते. पॅडल खाली जाते, चाक मात्र आवळले जात नाही.

ही वाफ येते ती ब्रेक ऑइल उकळल्यामुळे. सर्वसाधारण वापरातील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घटत जातो. प्रमाणित मर्यादेनुसार ‘डॉट ३’ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ओलावा मुरलेल्या स्थितीत ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ बाबत हेच आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ अंश असे आहेत. ओलावा मुरलेल्या स्थितीची ही कसोटी साधारण पावणेचार टक्के पाणी धरून लावलेली आहे. कोकणासारख्या दमट हवेत पाच-सहा वर्षे न बदललेल्या ऑइलची काय अवस्था होत असेल, याची कल्पना यावरून यावी. अशी गाडी गावातल्या रस्त्यावर तक्रारीला जागा देत नाही. तिचा दोष उघड होतो तो घाटाच्या मध्यावर.

यास्तव टाकीतील पातळी बरोबर आहे, एवढ्यावरून समाधान मानू नये. पातळी ऑइल किती आहे ते सांगते, त्याची प्रत सांगत नाही. ब्रेक ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी, अथवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीने, संपूर्ण बदलावे. ते सीलबंद डब्यातले आणि पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारचे असावे. फोडून ठेवलेल्या जुन्या डब्यातील उरलेसुरले ऑइल वापरणे ही खोटी काटकसर होय. त्याच्याऐवजी इंजिन ऑइल अथवा दुसरे खनिज तेल तर कदापि घालू नये, कारण त्याने आतील रबरी भाग फुगून निकामी होतात.

लक्षणावरून निदान

“ब्रेक लागत नाही” या एकाच तक्रारीमागे निरनिराळी कारणे असतात. पॅडलच्या वागण्याकडे नीट लक्ष दिल्यास कारणाचा बराच उलगडा होतो.

(१) प्रारंभी ब्रेक उत्तम, लांब उतारानंतर पॅडल मऊ आणि गाडी गार झाल्यावर पुन्हा पूर्ववत, असे घडल्यास ब्रेक ऑइल उकळले असे समजावे. गार झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पॅडल टणक लागते. परंतु दोष गेलेला नसतो. पुढच्या उतारावर तेच ऑइल पुन्हा उकळते.

(२) पॅडल टणक आहे, जोरही पुरेसा लावला जातो, तरी गाडी आवरत नाही आणि जळका वास येतो. येथे लायनर अथवा पॅड अतितप्त होऊन त्यांची पकड कमी झालेली असते.

(३) सकाळी थंड गाडीतही पॅडल मऊ लागते व दोन-तीनदा दाबल्यावर वर येते. नळ्यांत हवा शिरली असावी किंवा लायनर झिजून ड्रमपासूनचे अंतर वाढले असावे. ब्रेकमधील हवा काढून घेणे अथवा लायनरचे अंतर जुळवणे, हा यावरचा उपाय होय.

(४) पॅडलवर पाय स्थिर दाबून धरला असता ते सावकाश खाली खाली जाते. टाकीतील पातळी घटत असेल, तर कोठे तरी गळती आहे. चाकांच्या आतील बाजू व नळ्यांचे जोड पाहावेत. पातळी कायम असेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी भाग निकामी झालेला असण्याचा संभव अधिक. या अवस्थेतील गाडी घाटात नेऊच नये.

(५) पॅडल दगडासारखे कठीण होते आणि फार जोर लावावा लागतो. हा मऊपणाच्या उलट प्रकार असून त्याचे मूळ सहसा ब्रेकला साहाय्य करणाऱ्या बूस्टरमध्ये असते. इंजिन बंद करून उतार उतरणाऱ्यांना हाच अनुभव येतो, कारण इंजिनाबरोबर हे साहाय्यही थांबते.

(६) पावसाळ्यात ओढ्यातून अथवा साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक क्षीण होतो. पॅडल नेहमीसारखेच लागते, पण लायनर ओले झालेले असतात. गाडी हळू चालवीत ब्रेक हलकेच काही वेळा लावला, की ते सुकतात.

उताराला लागण्यापूर्वी

बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याची तीव्रतम चढण ३७ फुटांस एक फूट अशी आहे. तेथे उतरणाऱ्या गाड्या ठरलेल्या जागी थांबवून मगच पुढे सोडल्या जातात, आणि एखादी गाडी आवरेनाशी झालीच तर ती चढावर वळवून थांबविण्यासाठी स्वतंत्र बगलमार्ग आखलेले आहेत. ब्रेकवरचा ताबा उतार सुरू होण्यापूर्वी पारखून घ्यावयाचा, हे तत्त्व रेल्वेने पहिल्यापासून पाळले. रस्त्यावरील वाहनाला त्यासाठी दोन मिनिटे पुरतात.

घाटमाथ्यावर गाडी समतल जागी उभी करावी. टाकीतील ऑइल किमान व कमाल पातळीच्या खुणांदरम्यान आहे ना, ते पाहावे. चाकांच्या आतल्या बाजूस ओलसर डाग नाहीत, याची खात्री करावी. इंजिन चालू ठेवून पॅडल जोराने दाबावे आणि मनात साठ अंक मोजेपर्यंत धरून ठेवावे. ते खचता कामा नये. शेवटी हँडब्रेक गाडी धरून ठेवतो किंवा नाही, हे पाहावे. यांपैकी एकाही कसोटीत शंका आली, तर उतरू नये. माथ्यावरील खोळंबा गैरसोयीचा असतो, पण तो घाटातील खोळंब्यासारखा धोक्याचा नसतो.

उतरण्याची रीत

ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक आजही उपयोगी आहे. अलीकडची ताकदवान इंजिने वरच्या गिअरमध्येही सहज चढतात. तेव्हा अशा गाडीला उतारावर त्याहूनही खालचा गिअर लागू शकतो. गिअर उतार लागण्यापूर्वीच निवडावा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडेलच, अशी शाश्वती नसते. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांतही खालच्या गिअरची सोय असते आणि ती अशा प्रसंगासाठीच असते.

न्यूट्रलमध्ये उतरल्याने इंधन वाचते, ही समजूत आजच्या गाड्यांच्या बाबतीत खरी नाही. गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय काढला, की आधुनिक इंजिनांचा इंधनपुरवठा उतारावर आपोआप बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालते राहण्यासाठी इंधन लागतच राहते. म्हणजे बचत नाहीच, आणि इंजिनाचा आधारही जातो. विजेवरील गाड्या उतारावर मोटारीच्या साहाय्याने वेग आवरतात व बॅटरी भरून घेतात. परंतु घाटमाथ्यावरच बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हे साहाय्य कमी मिळते, हे त्यांच्या चालकांनी लक्षात ठेवावे.

ब्रेक लावावयाचा तो निश्चयाने, थोडा वेळ, आणि मग पूर्ण सोडून द्यावयाचा. वेग पुरेसा कमी झाला की पाय उचलावा, गाडीने थोडा वेग घेतला की पुन्हा लावावा. मधल्या अवकाशात ब्रेकला वारा लागतो. पॅडलवर सतत हलका पाय ठेवणे सावधपणाचे वाटते खरे, पण त्यानेच ब्रेक सर्वाधिक तापतात.

पॅडल मऊ लागताच

पहिल्या मऊ दाबालाच थांबण्याचा निर्णय घ्यावा. “पायथा आता जवळच आहे” हा विचार घातक ठरतो. गिअर खाली आणून वेग कमी करावा आणि डोंगराच्या बाजूस रुंद, दृष्टीस पडेल अशी जागा पाहून थांबावे. गाडी गिअरमध्ये ठेवून पुढील चाके डोंगराकडे वळवावीत व चाकांखाली दगड लावावेत. मागे-पुढे धोक्याची खूण करावी आणि प्रवाशांना रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उतरवावे. तापलेल्या ड्रमवर अथवा डिस्कवर पाणी ओतू नये. एकाएकी थंड झाल्याने त्यांना तडा जाण्याची किंवा त्या वाकण्याची भीती असते.

येथे एक बारकावा सांगणे अगत्याचे आहे. गाडी थांबल्यावर वारा लागणे बंद होते, आणि डिस्क व ड्रम यांतील उष्णता पुढची काही मिनिटे आत, ऑइलपर्यंत झिरपत राहते. त्यामुळे घाटात चहासाठी दहा मिनिटे थांबलेल्या गाडीचे पॅडल, थांबतेवेळी टणक असूनही, निघताना मऊ लागू शकते. सबब ब्रेक पुरते गार होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास अथवा अधिक, वाट पाहावी आणि निघण्यापूर्वी पॅडलची कसोटी पुन्हा घ्यावी. ते पूर्ण टणक झाले असेल, तरच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरून जवळच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलून घ्यावे. पॅडल तसेच मऊ असेल किंवा पातळी घटली असेल, तर गाडी हलवू नये. प्रवाशांची अन्य वाहनाने सोय करावी. निघताना चाकाखालचे दगड रस्त्याबाहेर टाकण्यास विसरू नये. मागे राहिलेला दगड रात्री येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो.

पॅडल तळाला गेलेच, तरी उपाय संपत नाहीत. पॅडल भरभर दाबत-सोडत राहावे, त्याने काहीसा दाब परत मिळू शकतो. गिअर एकेक करून खाली आणावा. हँडब्रेक एका झटक्यात न ओढता, त्याचे बटण दाबून ठेवून क्रमाक्रमाने ओढावा. हॉर्न आणि दिवे यांनी इतरांना सावध करावे. इंजिन बंद करू नये, कारण त्याने स्टिअरिंग जड होते आणि किल्ली पूर्ण फिरल्यास ते अडकतेही. एखादा चढाचा फाटा अथवा मोकळी जागा दिसल्यास गाडी तेथे न्यावी. काहीच नसेल, तर दरीच्या बाजूपेक्षा डोंगराकडील चर अथवा मातीचा बांध घासून गाडी थांबविणे श्रेयस्कर.

एस.टी. बस आणि मालमोटारी

मोठ्या बसगाड्या व मालमोटारी यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्यांना वरील एक सूचना लागू नाही. पॅडल वारंवार दाबल्याने त्यांच्या टाकीतील हवा खर्ची पडते व उरलासुरला दाबही जातो. त्यांच्या चालकाने दाबदर्शक काट्यावर नजर ठेवावी आणि इशाऱ्याचा दिवा लागताच अथवा भोंगा वाजताच थांबावे. या गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेक असल्यास उतारावर त्याचा वापर करावा. अधिक भार लादलेल्या गाडीला त्याच उतारावर त्याच प्रमाणात अधिक उष्णता रिचवावी लागते. ब्रेक मात्र तेवढेच असतात.

हिमालयाच्या उंचीवर

हिमाचल व लडाखकडे स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या मराठी प्रवाशांपुढे आणखी एक अडचण उभी राहते. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंच आहे आणि मनाली सुमारे २,०५० मीटरवर. म्हणजे सुमारे ५० किलोमीटरच्या रस्त्यात उतार जवळजवळ १,९०० मीटरचा. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून लेहकडे जाणाऱ्यांना ही खिंड ओलांडावी लागत नाही, पर्यटक मात्र आजही तेथे जातात.

चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो. तेथे पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळते. ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदूही त्याच कारणाने खाली येतो, आणि नळीत आधीच असलेला हवेचा बुडबुडा तेथे अधिक फुगतो. पुण्या-मुंबईस जेमतेम चालून गेलेला दोष तेथे उघडा पडतो तो यामुळे. ब्रेकचा बूस्टरही बाहेरील हवेच्या दाबावरच काम करीत असल्यामुळे त्याचे साहाय्य घटते व पॅडल जड लागते. जड पॅडल हा तेथील उंचीचा परिणाम असू शकतो. मऊ पॅडल मात्र तेथेही दोषाचेच लक्षण होय. अशा प्रवासास निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदलून घेणे हा सर्वांत स्वस्त विमा समजावा.

चालकाला थांबू द्यावे

पॅडल मऊ पडल्याची पहिली जाणीव चालकाच्या पायाला होते. पण गाडी थांबवावी की नाही, हे पुष्कळदा मागे बसलेल्यांच्या घाईवर ठरते. बैठकीची वेळ झालेली असते, सहलीतील मुलांना मुक्कामी पोहोचावयाचे असते, आणि “ब्रेक बरोबर वाटत नाही” असे म्हणावयास चालक कचरतो. शासकीय वाहन वापरणाऱ्या अधिकाऱ्यांनी वाहनाच्या नोंदवहीत ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख आहे काय, हे पाहावे. सहल आखणाऱ्या शिक्षकांनी गाडी ठरवितानाच हा प्रश्न मालकाला विचारावा आणि घाटाच्या प्रवासासाठी वेळापत्रकात तासाभराची सवड ठेवावी. घाटालगतच्या गावांतील पंचायत सदस्यांना आपल्या हद्दीतील रुंद व सुरक्षित थांब्याच्या जागा ठाऊक असतात. त्या जागा राडारोडा, टपऱ्या व उभ्या वाहनांपासून मोकळ्या राहतील, हे त्यांनी पाहिल्यास अडचणीत आलेल्या गाडीला आसरा मिळेल.

चालकाने ब्रेकविषयी शंका बोलून दाखविताच त्याला गाडी थांबविण्यास सांगावे आणि उशिराचे उत्तर आपण द्यावे. पायथ्याशी तासभर उशिरा पोहोचलेल्या गाडीतील माणसे त्या दिवशीची राहिलेली कामे दुसऱ्या दिवशी करू शकतात.